तीन-दोन-एक

आमच्या घरात तिला पेटी म्हणायचे. काळी, मिठाच्या बरणीपेक्षा थोडी मोठी, राउटरला जोडलेली, टीव्हीच्या खालच्या फळीवर. रविवारी, २१ जुलै २०२४ ला पहाटे ५ वाजून ४८ मिनिटांनी ती संपली. पुढच्या वेळा मी आठवून लिहिलेल्या नाहीत. बऱ्याचशा पेटीच्या लॉगमधल्या आहेत, काही लॅपटॉपमधल्या, काही व्हॉट्सअ‍ॅपवरच्या. यंत्रं आपल्यावर रागावत नाहीत, पण आपण काय केलं ते मिनिटासकट लिहून ठेवतात.

दिवाळी, २०१६

भाच्यानं पुण्याहून आणून दिली. आत दोन टीबीच्या दोन हार्ड डिस्क. जे एकीवर लिहिलं जाईल ते त्याच क्षणी दुसरीवर. एक गेली तर दुसरी घर चालवते. समजावून झाल्यावर तो म्हणाला, “पण मामा, हा बॅकअप नव्हे. तुम्ही इथनं काही पुसलंत तर दोन्हीकडनं पुसलं जाणार.” मग एका कागदावर मार्करनं ३-२-१ लिहून पेटीच्या मागच्या बाजूला चिकटवलं. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. पीटर क्रॉग नावाच्या अमेरिकन छायाचित्रकारानं रूढ केलेला हा नियम.

पेटी भिंतीला टेकवून ठेवली. कागद भिंतीकडे गेला.

आत काय होतं ते सांगतो. अल्बममधले स्कॅन केलेले फोटो. शाळेच्या सहली. आणि ‘आवाज’ नावाचा एक फोल्डर: २००९ ते २०१६ या काळात भुदरगड तालुक्यातल्या गावांतून फिरून मी केलेलं ध्वनिमुद्रण. २७ माणसं, ६१ तास, ३९ जीबी. डिसेंबर १९४२ मध्ये गारगोटीच्या कचेरीवर क्रांतिकारक चालून गेले, सात जण हुतात्मा झाले. तो दिवस लहानपणी पाहिलेले चार जण त्यात होते. जे. पी. नाईकांनी मौनी विद्यापीठ उभं केलं तेव्हा तिथं दगड वाहिलेले एक आजोबा होते. जात्यावरच्या ओव्या म्हणता म्हणता मध्येच थांबून “चहा घेतलास का रं” विचारणाऱ्या एक आजी होत्या. रेकॉर्डरचं कार्ड चार जीबीचं. सहा तासांत भरायचं. घरी यायचं, उतरवायचं, कार्ड पुसायचं आणि पुढच्या गावाला जायचं.

२०२४ च्या जुलैपर्यंत त्या २७ पैकी २३ जण गेले होते.

२०२०

महिन्यातून एकदा पेटी दोन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून एकमेकींशी ताडून बघायची. एखादा तुकडा एकीवर वाचता आला नाही तर दुसरीवरून घेऊन पुन्हा लिहायची. हे काम रात्रभर चाले आणि हॉलमध्ये घरघर होई. मी ती तपासणी बंद केली. दोन क्लिकचं काम होतं.

मे, २०२२

एक टीबीची एक सुटी हार्ड डिस्क होती, पेटीची एक प्रत तिच्यावर असे. पुतण्याच्या लग्नात शूटिंगवाल्यानं हार्ड डिस्क मागितली. सगळेच मागतात. देताना मीच ती रिकामी करून दिली, पेटीत सगळं आहेच म्हणून. ती परत आली लग्नाचे ६४० जीबी घेऊन. ते मी पेटीत उतरवले आणि डिस्क लोखंडी कपाटात, पासबुकांच्या खाली ठेवली. तिच्यावर काही लिहिलं नाही.

१४ ऑगस्ट २०२३, पहाटे ३:०२

लॉगमधली पहिली नोंद. डिस्क क्रमांक २, वाचता न आलेले आणि निर्णय प्रलंबित असलेले सेक्टर: ८.

आठ हा आकडा भिववणारा नाही. ४,०९६ बाइटचा एक तुकडा डिस्कला वाचता आला नाही की ५१२ च्या हिशेबात ते आठ होतात. म्हणजे एकच जागा. गूगलनं २००७ मध्ये आपल्याकडच्या लाखावर हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. असा पहिला प्रलंबित सेक्टर दिसला की पुढच्या ६० दिवसांत ती डिस्क बंद पडण्याची शक्यता निरोगी डिस्कच्या १६ पट होते, असं त्यात आढळलं. आमची अकरा महिने चालली.

पेटीनं लगेच इमेल पाठवली. ती गेली भाच्याच्या २०१६ मधल्या कंपनीच्या पत्त्यावर. ती नोकरी त्यानं २०१९ मध्ये सोडली होती. इमेल परत आली. परत आल्याची नोंदही लॉगमध्ये आहे.

हे गारगोटीतच घडतं असं नाही. गिटलॅब ही प्रोग्रॅमरांचं काम सांभाळणारी कंपनी. १ फेब्रुवारी २०१७ ला, आपल्याकडे पहाटे पाचच्या सुमारास, तिथल्या एका इंजिनिअरनं चुकीच्या सर्व्हरवरचा डेटाबेस पुसायला घेतला. थांबवेपर्यंत तीनशे जीबीच्या आसपास असलेल्या डेटातले साडेचार जीबी उरले होते. मग बॅकअप शोधायला गेले तर बॅकअपची जागा रिकामी. रोजचा बॅकअप फसत होता आणि तसं कळवणाऱ्या इमेलही नाकारल्या जात होत्या. त्यांना तारलं ते त्याच इंजिनिअरनं सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी काढून ठेवलेल्या एका प्रतीनं.

गुरुवार, १८ जुलै २०२४

आदल्या दिवशी आषाढी एकादशी होती. नातीचे फोटो मोबाइलवरून पेटीत जाईनात. पेटी ९६ टक्के भरली होती. कोल्हापूरला जाऊन राजारामपुरीतून आठ टीबीच्या दोन डिस्क घेतल्या. पाऊस लागून राहिला होता. एसटीत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

दुकानातल्या मुलानं पिशवीत बिल टाकता टाकता विचारलं, “बॅकअप हाय न्हवं, काका?”

“आहे,” मी म्हणालो. माझ्या डोळ्यांपुढे पेटीच होती.

शुक्रवार, १९ जुलै. सकाळी ९:३९

या मिनिटाला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीनं जगभरच्या विंडोज संगणकांना एक सदोष अपडेट पाठवलं. अठ्ठ्याहत्तर मिनिटांत ते मागे घेतलं, पण तोवर जवळपास ८५ लाख यंत्रांवर निळा पडदा आला होता. आमच्या पेटीचा याच्याशी काही संबंध नव्हता. भाच्याचा होता. हिंजवडीत त्याच्या हाताखाली काहीशे लॅपटॉप होते आणि प्रत्येकासमोर बसून ते एकेक उठवायचे होते. तो त्या दिवशी घरी गेला नाही.

“डिस्क बदलताना मला फोन लावून ठेवा, मी सांगतो तसं करा,” हे त्यानं गुरुवारीच सांगितलं होतं.

शनिवार, २० जुलै. सकाळी ८:५०

वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर विमानतळावरची गर्दी आणि हातानं लिहिलेले बोर्डिंग पास. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं. “बघ,” हिला म्हणालो, “सगळं एका ठिकाणी बांधून ठेवलं की असं होतं.”

९:०५

भाच्याला फोन. वाजून थांबला. ९:१२ ला पुन्हा. तो रात्रभर जागून सकाळी सात वाजता झोपला होता.

९:२०

पेटीच्या पुढच्या बाजूचा दिवा हिरवा. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये पहिल्याच पानावर: स्थिती सामान्य. डिस्कचा तपशील दुसऱ्या पानावर असतो. तिथं तेव्हा आकडा ८ वरून ४८ वर गेलेला होता.

त्या आठवड्यात गारगोटीतल्या प्रत्येक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी तासातासाला येत होती. इशारा ३९ फूट, धोका ४३ फूट. हे आमच्याकडं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर लांब आणि आमची नदी वेदगंगा, तरी पंचगंगेची पातळी आम्ही बघतो. टीव्हीखालच्या फळीवरची बघायची असते हे मला ठाऊक नव्हतं.

९:२८

काढायची कोणती, डावी की उजवी? पद्धत अशी की एक जुनी काढायची, नवी घालायची, उरलेल्या जुनीवरून सगळं नवीवर उतरू द्यायचं. मग दुसरी जुनी काढून तेच पुन्हा करायचं. शेवटी पेटी स्वतःहून जागा वाढवते. डावीवर १ लिहिलं होतं, उजवीवर २.

पहिली म्हणून पहिली.

आधी सगळ्याची एक प्रत काढावी असं मनात आलं होतं. पण प्रत ठेवायला जागा नव्हती. जागा नव्हती म्हणून तर हे चाललं होतं.

९:३४

डिस्क १ बाहेर. पेटी टूं टूं करू लागली. मी तो आवाज बंद केला. डिस्क १ हातात गरम लागली. तिच्यात या क्षणी सगळं होतं, एकही सेक्टर खराब नसलेलं.

९:४१

आठ टीबीची नवी डिस्क आत. ० टक्के. अंदाज: ७ तास ४० मिनिटं. मी चहा घेतला.

दुपारी १२:५२

लाईट गेली. पेटी ४१ टक्क्यांवर होती.

घरात इन्व्हर्टर आहे. त्याच्या मागे एक बटण असतं, एका बाजूला यूपीएस, दुसऱ्या बाजूला साधं. यूपीएसवर ठेवलं की लाईट गेल्याचं संगणकाला कळतसुद्धा नाही, पण व्होल्टेज जरा पडलं की तो बॅटरीवर जातो, आणि आमच्याकडं संध्याकाळी व्होल्टेज पडतंच. बॅटरी संपते म्हणून उन्हाळ्यात मी ते साध्यावर केलं होतं. साध्यावर असलं की बल्ब एकदा मिचकतो. पंख्याला काही होत नाही. पेटी बंद पडून पुन्हा सुरू झाली.

१:०४

० टक्के. पुन्हा पहिल्यापासून. नव्या डिस्कवर उतरलेले ४१ टक्के तिथंच होते, पेटी त्यांच्यावरून तेच पुन्हा लिहू लागली.

२:१५

जेवण झालं. टेबलावर डिस्क १ रिकामी पडलेली. रिकामी हा शब्द मीच वापरला. पेटीचं काम नव्या डिस्कवर चाललंच आहे, तर या जुनीवर एक बॅकअप घेऊन ठेवावा. शहाणपणाचा विचार होता. दोन वर्षांत पहिल्यांदा मी बॅकअप घ्यायला बसलो होतो.

२:३१

डिस्क १ डॉकमध्ये घालून लॅपटॉपला जोडली. लॅपटॉपनं ती ओळखली नाही. पेटी आतून लिनक्सवर चालते आणि तिची लिहिण्याची पद्धत विंडोजला वाचता येत नाही. वाचता येत नाही हे विंडोज असं सांगत नाही. वापरण्याआधी ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल, करायची का, असं विचारतं.

२:३८

खिडकीत एका चौकोनापुढं खूण होती: झटपट फॉरमॅट. झटपट म्हटलं की मला संशय येतो. तेहेतीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या. घाईनं केलेलं काम कसं असतं ते माहीत आहे. मी खूण काढली.

झटपट फॉरमॅटनं डिस्कची फक्त अनुक्रमणिका जाते, पानं शाबूत राहतात. पूर्ण फॉरमॅटमध्ये विंडोज, व्हिस्टापासून पुढच्या सगळ्या आवृत्त्यांत, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत शून्यं लिहीत जातं.

२:४०

‘सुरू करा’ दाबलं. डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, असा इशारा आला. ‘ठीक’ दाबलं.

४:२५

पेटी ४३ टक्क्यांवर अडली. म्हणजे थांबली नाही, ४३.१ होती ती पंधरा मिनिटांनी ४३.१ च होती. डिस्क २ वरची खराब जागा इथं होती. एकेक तुकडा डिस्क पुन्हा पुन्हा वाचून बघत होती. प्रलंबित सेक्टर ४८ वरून ३१२. अंदाज ४ तासांवरून ३१ तासांवर गेला. मी तो पाहिला आणि पावसानं नेट स्लो झालं असेल असं ठरवलं. घरातल्या घरात होणाऱ्या कामाला नेट लागत नाही, हे मला माहीत होतं.

४:३५

भाच्याचा व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोप. ३८ सेकंदांचा. तो नुकताच उठला होता.

शेजारी बसायला आले होते. चार माणसांत फोन कानाला काय लावायचा, म्हणून नंतर ऐकू म्हटलं. त्याच्या नावापुढं हिरवं टिंब तसंच राहिलं. वर दुसऱ्या दिवशीच्या गुरुपौर्णिमेचे फॉरवर्ड येत गेले आणि तो खाली सरकत गेला.

लॅपटॉपवर फॉरमॅट या वेळी ३९ टक्के झालं होतं.

४:४७

या मिनिटाला काही घडलं नाही. घरात कुणाला काही ऐकू आलं नाही. ही वेळ मला दीड महिन्यानं कळली. पुण्यातल्या डेटा परत मिळवून देणाऱ्या प्रयोगशाळेतल्या माणसानं ती कागदावर आकडेमोड करून दाखवली. नव्या डिस्कवर पहिले ४३ टक्के सुखरूप उतरले होते. जुन्या डिस्कवरचे पहिले ४३ टक्के शून्य होईपर्यंत, म्हणजे ४:४७ पर्यंत, पुढचं सगळं तिच्यावर शाबूत होतं. तोवर डॉकची पिन काढली असती तर दोन अर्धी जोडून सगळंच्या सगळं परत आलं असतं.

निरोप आल्यापासून बारा मिनिटं.

संध्याकाळी ७:३६

फॉरमॅट पूर्ण. डिस्कला नाव विचारलं. मी ‘बॅकअप’ लिहिलं.

७:५०

काय आधी उतरवायचं? ‘लग्न’ ६४० जीबी, ‘फोटो’ २१० जीबी, ‘आवाज’ ३९ जीबी आणि इतर. वेग दिसत होता सेकंदाला २० एमबी. ‘आवाज’ला साधारण अर्धा तास लागला असता. ‘लग्न’ला नऊ तास. मोठं रात्रीत होऊन जाईल, बारीकसारीक सकाळी उरकू, असा हिशेब केला. वही तपासताना मी पोरांना उलटं सांगत असे: येतंय ते गणित आधी सोडवा.

आणि ‘लग्न’ची दुसरी प्रत लोखंडी कपाटात, पासबुकांच्या खाली होती.

८:०५

‘लग्न’ उतरायला सुरुवात. म्हणजे आता अडखळणाऱ्या डिस्क २ वर दोन कामं. एक नव्या डिस्कसाठी वाचायचं, एक लॅपटॉपसाठी. दोन वेगळ्या ठिकाणी. तबकडी मिनिटाला ५,४०० वेळा फिरते आणि वाचणारं टोक तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगत इकडून तिकडे धावत असतं.

१०:४०

झोपायला गेलो. हॉलमधला दिवा मालवला. पेटीचा हिरवा दिवा नारिंगी झाला होता. काम चालू असेल तर नारिंगी होत असेल.

११:१७

लॉग: डिस्क २, वाचताना चूक. पुढच्या तासाभरात हीच ओळ १४६ वेळा.

रविवार, २१ जुलै. पहाटे १:४०

ही पाणी प्यायला उठली. हॉलमध्ये टक्-टक्, थोडं थांबून पुन्हा टक्-टक्. बाहेर पागोळ्या गळत होत्या. खिडकीखाली घमेलं राहिलं असेल असं तिला वाटलं. खिडकी घट्ट लावून ती परत झोपली.

३:२६

‘लग्न’ ३९० जीबी.

५:४८

लॉग: डिस्क २ प्रतिसाद देत नाही. डिस्क २ काढून टाकली. व्हॉल्यूम कोसळला.

लॅपटॉपवर ६४० पैकी ४६८ जीबी झाले होते. हळदीचा कार्यक्रम पूर्ण, सीमांतपूजन अर्धं.

६:१०

उठलो. लाल दिवा.

६:२२

पेटी बंद करून पुन्हा सुरू केली. टीव्ही अडला की आपण तेच करतो. टक्-टक् आता हॉलभर ऐकू येत होती. ६:३१ ला पुन्हा. ६:४० ला पुन्हा. अशा वेळी टोक तबकडीला टेकलेलं असतं आणि प्रत्येक सुरुवातीला ते तिच्यावर घासत जातं, हे प्रयोगशाळेतल्या माणसानं नंतर सांगितलं. भिंगाखाली त्यानं मला तबकडी दाखवली. काचेवर पैंजण ओढल्यासारखी गोल रेघ होती.

६:५८

पहिला मेसेज. २००४ च्या बॅचचा एक विद्यार्थी. “सर, गुरुपौर्णिमेच्या शुभेच्छा.”

७:०६

अडतीस सेकंदांचा निरोप ऐकला. पार्श्वभूमीला कुकरची शिट्टी आहे, मग त्याचा झोपेतला आवाज: “मामा, सॉरी, सकाळी फोन उचलला नाही, आत्ता उठलोय. जुनी डिस्क काढली असेल तर तिला हात लावू नका हां. कशाला जोडू नका. कागदात गुंडाळा आणि कपाटात ठेवून द्या. नवीन चालू झाली याची खात्री झाली की मग बघू. तोपर्यंत तोच तुमचा बॅकअप आहे.”

त्यानंतर

प्रयोगशाळेत तिन्ही डिस्क गेल्या. डिस्क १: सुरुवातीला हळद आणि सीमांतपूजन, पुढं शून्यं. डिस्क २: परत मिळण्यासारखं काही नाही. नवी डिस्क: पहिले ४३ टक्के. त्यात बहुतेक फोटो आले, नातीचे सगळे आले. ‘आवाज’मधल्या दोन फायली आल्या, एक अर्धी. मिळून २ तास ५० मिनिटं. उरलेले ५८ तास १० मिनिटं डिस्कच्या पुढच्या भागात होते.

आता पेटी नवी आहे. ‘आवाज’च्या उरलेल्या फायलींच्या तीन प्रती आहेत, एक पुण्यात भाच्याकडे. इन्व्हर्टरचं बटण यूपीएसवर आहे. ३-२-१ ची चिठ्ठी पुढच्या बाजूला लावली आहे.

एक गोष्ट उरली. २०११ मध्ये मी नऊ घरांना त्यांच्या माणसाच्या आवाजाची सीडी करून दिली होती. कडगाव, कूर, मडिलगे, पाटगावकडची घरं. पांढरी सीडी, वर हिरव्या शाईनं नाव आणि तारीख. एकीवर जास्तीत जास्त ८० मिनिटं मावली असतील. पाच घरांत विचारून झालं. चार घरांत ती सापडली नाही. एका घरी ती शेतात, पाखरं हाकायला टांगली होती. ती मी घेऊन आलो. वाचता आली नाही.

चार घरं राहिली. ती माणसं मुंबईला, पुण्याला गेली, नंबर बदलले. हे वाचणाऱ्या कुणाच्या ट्रंकेत, कपाटात, देव्हाऱ्यामागं तशी सीडी असेल तर कापडात गुंडाळून ठेवा आणि गारगोटीत शाळेतल्या कुणालाही सांगा, निरोप माझ्यापर्यंत पोचतो. घरी लॅपटॉपमध्ये घालून बघायचा मोह होईल. घातलीत, तर स्क्रीननं काहीही विचारलं तरी ‘नको’ म्हणा.